शस्त्रक्रिया दोन तासांची, सोबत जन्माची
वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी रुग्णालय कसं निवडावं?

(आरमोरी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हापासून मला दोन प्रश्न विचारले जाताहेत. पहिला असा की, सर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, हे डॉक्टरांचं काम अंगावर कशाला घेतलं? दुसरा जरा तिखट आहे. गडचिरोली जिल्ह्याचं नाव निघालं की लोकांना कुपोषण आठवतं, आणि तुम्ही इथं लठ्ठपणाच्या ऑपरेशनवर बोलणार?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. कुपोषण आणि लठ्ठपणा एकाच जिल्ह्यात राहतात, कधी कधी एकाच घरात राहतात. बसून करायची नोकरी आली, दारात मोटारसायकल आली, पोरांच्या हातात पुड्या आल्या, आणि साखरेचा आजार तर आता कुणाच्या घरी नाही ते विचारावं लागतं. आरमोरीतून, देसाईगंजमधून, ब्रह्मपुरीतून माणसं नागपूरला वजनाच्या ऑपरेशनची चौकशी करायला जाऊ लागली आहेत. परत येताना हातात गुळगुळीत कागदाचं पत्रक असतं आणि डोक्यात गोंधळ.

आता पहिला प्रश्न. ऑपरेशन कुणी करावं, कोणतं करावं, हे मी सांगणार नाही. ते वैद्यकाचं काम आहे. पण निवड कशी करतात, प्रश्न कसा विचारतात, पुरावा कशाला म्हणायचं आणि संमती म्हणजे काय, हे शिकवण्यातच माझी हयात गेली. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

आणि सांगायची गोष्ट एकच आहे. या बाबतीत आपण ऑपरेशन निवडत नसतो, पुढच्या वीस-तीस वर्षांची सोबत निवडत असतो. ऑपरेशन दीड-दोन तासांत संपतं. त्यानंतरचं सगळं आयुष्य त्या बदललेल्या पोटासोबत काढायचं असतं. म्हणून रुग्णालयाची परीक्षा ऑपरेशनच्या दिवसावर करायची नाही, पाचव्या वर्षावर करायची.

हे ऑपरेशन म्हणजे नेमकं काय

थोडक्यात सांगतो. आज मुख्यतः दोन प्रकार चालतात. पहिला स्लीव्ह. यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग कायमचा कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. काढलेला भाग परत बसवता येत नाही. दुसरा बायपास. यात जठराची एक लहानशी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग तिला जोडतात, म्हणजे अन्न मधला रस्ता टाळून जातं. बायपासचेही उपप्रकार आहेत. दोन्हींत माणूस कमी खातो, शिवाय भूक आणि साखर यांचे शरीरातले जे रासायनिक संदेश असतात तेही बदलतात. म्हणून अनेकांचा मधुमेह वजन उतरायच्या आधीच सुधारू लागतो.

हे खूळ आहे असं कुणी समजू नये. स्वीडनमध्ये १९८७ पासून एक मोठा अभ्यास झाला. ऑपरेशन झालेले दोन हजारांवर लोक आणि न झालेले तितकेच लोक, यांना वर्षानुवर्षं पाहिलं. २००७ मध्ये निष्कर्ष आला की ऑपरेशन झालेल्या गटात मृत्यू कमी होते, वय वगैरे गोष्टी जमेस धरून सुमारे २९ टक्क्यांनी कमी. बायपास झालेल्यांचं वजन दहा वर्षांनंतरही मूळ वजनापेक्षा सरासरी २५ टक्के कमी होतं. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की पहिल्या एक-दोन वर्षांत वजन सर्वांत खाली जातं आणि मग थोडं वर चढतं. पत्रकावरचा फोटो नेहमी त्या खालच्या टोकावर काढलेला असतो.

पात्रतेचा आकडा आणि विम्याचा आकडा

वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये घ्या. उंचीला उंचीनं गुणा आणि त्यानं वजनाला भागा. येतो तो बीएमआय. आपल्या लोकांत कमी वजनावरही पोटावर चरबी जमते आणि आजार लवकर येतात, म्हणून भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी वेगळे आकडे ठरवले: बीएमआय ३७.५ च्या वर असेल तर, किंवा ३२.५ च्या वर असून मधुमेहासारखा सोबतचा आजार असेल तर ऑपरेशनचा विचार करावा.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, आता शिक्षिका आहे. वजन ९२ किलो, उंची १५५ सेंटिमीटर. हिशेब केला तर ३८.३ येतात. गुडघे दुखतात, मधुमेह आहे पण गोळ्यांवर आटोक्यात आहे. डॉक्टरांच्या आकड्यानुसार ती ऑपरेशनला पात्र ठरते. ती म्हणाली, "सर, विमा आहे, पैशाचा प्रश्न नाही." आम्ही पॉलिसी काढून बघितली. विमा नियामकानं २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी जे समान कलम ठरवून दिलं, त्यात बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. नाहीतर ३५ किंवा त्याहून जास्त असून ठरावीक गंभीर आजारांपैकी एखादा हवा, म्हणजे हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार, आटोक्यात न येणारा मधुमेह. आणि साध्या उपायांनी वजन उतरलं नाही हेही दिसलं पाहिजे. तिचा मधुमेह आटोक्यात, म्हणजे तिचा चांगुलपणाच तिच्या आड आला!

इकडे भाऊ बांधी विकायला तयार बसले होते. धानाची जमीन एकदा गेली की परत येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू. म्हणून पहिला सल्ला हा की रुग्णालयाच्या दारात पाय ठेवण्याआधी पॉलिसीचं ते कलम वाचा आणि कंपनीकडून उत्तर लेखी घ्या. "आमचा माणूस सगळं करून देतो" असं काउंटरवरचा मुलगा म्हणाला, एवढ्यावर जमीन विकू नका.

साध्य कोणाचं?

ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात एक बारीक गोष्ट सांगितली आहे. डॉक्टर रोग्याला बरं करावं की नाही यावर विचार करत बसत नाही, ते त्यानं गृहीत धरलेलं असतं. तो विचार करतो तो साधनांचा, म्हणजे कसं बरं करावं याचा. ठीक आहे. पण "बरं होणं" म्हणजे काय, हे जर आपण ठरवलं नाही तर तेही दुसराच कोणी ठरवून टाकतो. वजनाच्या बाबतीत हे फार घडतं, कारण वजन मोजायला सोपं आहे. काटा आहे, आकडा आहे, फोटो आहे.

२०१७ ची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून इमान अहमद नावाच्या स्त्रीला मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलं होतं. वजन सुमारे ५०० किलो असल्याचं सांगितलं जात होतं. साऱ्या जगाचे कॅमेरे तिथं लागले. मार्चमध्ये स्लीव्हचं ऑपरेशन झालं. पुढं रुग्णालय म्हणू लागलं, वजन कितीतरी उतरलं, आमचं काम झालं. बहीण म्हणू लागली, ती अजून बोलत नाही, हलत नाही, हे कसलं बरं होणं? जाहीर वाद झाला. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये तिचा तिथं मृत्यू झाला. खरं-खोटं करायला मी न्यायाधीश नाही, आणि तो रुग्ण अत्यंत अवघड होता हे उघड आहे. मला त्या वादातलं एवढंच दिसतं की एक बाजू किलो मोजत होती आणि दुसरी बाजू चालणं-बोलणं मोजत होती. दोघांचं माप आधी एक झालेलं नव्हतं.

म्हणून घरून निघण्याआधी एका कागदावर आपलं माप लिहा. "मला शेतावर चालत जायचं आहे." "मला इन्सुलिन कमी करायचं आहे." "मला रात्री नीट झोप हवी आहे." मग डॉक्टरांना विचारा की यातलं या ऑपरेशननं काय होईल, काय होणार नाही. जो डॉक्टर त्या कागदाकडे बघून "हे होईल, पण हे मी सांगू शकत नाही" असं म्हणेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायला हरकत नाही.

जुना धडा

या शास्त्राच्या इतिहासातच पाचव्या वर्षाची कसोटी दडलेली आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत लहान आतड्याचा मोठा भाग वळसा घालून टाळायची ऑपरेशनं सुरू झाली. वजन झपाझप उतरायचं. रोगी खूश, डॉक्टर खूश. काही वर्षांनी कुणाचं यकृत निकामी झालं, कुणाला मूतखडे, कुणाला जीवनसत्त्वांचा भयंकर अभाव. शेवटी ती पद्धत सोडून द्यावी लागली. १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी जठराचा बायपास सुरू केला, तो सुधारत सुधारत आजपर्यंत आला. मध्ये जठराला पट्टा बांधायची लाट आली, तीही ओसरली आणि अनेकांचे पट्टे काढावे लागले.

यातून शिकायचं काय? पहिल्या वर्षीचं यश काहीच सिद्ध करत नाही. जुन्या पद्धतींचं अपयश कळलं, ते रोग्यांना पुढं बघत राहणाऱ्या डॉक्टरांमुळे. ज्यांनी रोगी घरी पाठवून फाइल बंद केली, त्यांच्या दृष्टीनं त्यांची सगळीच ऑपरेशनं यशस्वी!

रुग्णालयाला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न हाताचा. ऑपरेशन स्वतः कोण करणार आहे? त्यांनी हे ऑपरेशन गेल्या वर्षी किती केलं? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २० सर्जननी आपापल्या बायपास ऑपरेशनची एकेक चित्रफीत दिली. कोणाची कोणती हे न सांगता दुसऱ्या सर्जनांनी त्या पाहून हाताला गुण दिले. मग त्यांच्या रोग्यांचं काय झालं ते बघितलं. सर्वांत कमी गुणांच्या गटात गुंतागुंतीचं प्रमाण १४.५ टक्के निघालं, सर्वांत वरच्या गटात ५.२ टक्के. हे सगळेच पदवीधर, सगळेच अनुभवी. तरीही जवळजवळ तिप्पट फरक! ती चित्रफीत आपल्याला कोणी दाखवणार नाही आणि दाखवली तरी आपल्याला कळणार नाही. पण किती केली, किती जणांना पुन्हा ऑपरेशनसाठी आत घ्यावं लागलं, किती दगावले, हे विचारता येतं. रुग्णालयाच्या दारावर एनएबीएचचं मानांकन असेल तर चांगलंच, पण ते व्यवस्थेचं प्रमाणपत्र आहे. हाताचं नव्हे.

दुसरा प्रश्न भागाकाराचा. "आमचं यश ९५ टक्के" असं कोणी म्हणालं की विचारा, कशाचे? शंभर जणांचं ऑपरेशन झालं, पाच वर्षांनी चाळीस जण तपासणीला आले, त्यातले अडतीस बरे. झाले ९५ टक्के! आणि उरलेले साठ? ते बरे आहेत म्हणून आले नाहीत, की त्रासलेत म्हणून दुसरीकडे गेले, की राहिलेच नाहीत? आपल्या न्यायशास्त्रात व्याप्ती सिद्ध करायची असेल तर व्यभिचार शोधावा लागतो. जिथं धूर आहे पण अग्नी नाही अशी एखादी जागा सापडते का ते आधी बघायचं. पत्रकवाला आपल्याला फक्त धूर आणि अग्नी एकत्र असलेल्या जागा दाखवतो. "आधी" आणि "नंतर" अशा फोटोंना म्हणून मी पुरावा मानत नाही. शिवाय रोगी मिळवण्यासाठी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष आवाहन करणं हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच अनैतिक म्हटलं आहे. मोफत शिबिरात "आज नाव नोंदवलं तर पन्नास हजार सूट" असं कोणी म्हणालं, तर चहा पिऊन घरी या.

तिसरा प्रश्न माणसांचा. सर्जनशिवाय आणखी कोण आहे? आहारतज्ज्ञ, मधुमेहाचे डॉक्टर, अनुभवी भूलतज्ज्ञ, मानसोपचाराची व्यवस्था, आयसीयू. ऑपरेशनआधी तुमची एंडोस्कोपी होणार का, झोपेतल्या श्वासाची तपासणी होणार का? ज्यांना आधीच आंबट ढेकरा आणि जळजळ आहे त्यांचा त्रास स्लीव्हनंतर वाढू शकतो. हे आधी न विचारता सगळ्यांना एकच ऑपरेशन सांगणारी जागा असेल तर तिथं रोग्याप्रमाणे उपचार ठरत नाही, उपचाराप्रमाणे रोगी धरून आणतात.

चौथा प्रश्न पर्यायाचा. ऑपरेशन न करता काय करता येईल? २०२५ पासून टिर्झेपॅटाइड आणि सेमाग्लुटाइडची वजनासाठीची इंजेक्शनं भारतात अधिकृतपणे मिळू लागली आहेत. ती महाग आहेत, आणि थांबवली की बहुतेकांचं वजन परत येतं. कुणाला ती बरी, कुणाला ऑपरेशन बरं. पण त्यांचं नावही न काढणारा माणूस तुम्हाला निवड करू देत नाही, विक्री करतो.

पाचवा प्रश्न रात्रीचा. याच्यावर मी जरा थांबणार आहे.

दीडशे किलोमीटरचा प्रश्न

नागपूर इथून ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर करत जवळपास दीडशे किलोमीटर. ऑपरेशननंतर पहिल्या दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांतही, टाक्यांच्या जागेतून गळती होऊ शकते. ती फार जणांना होत नाही, पण होते तेव्हा वेळ थोडा असतो. लक्षणं साधी दिसतात: नाडी जलद, ताप, पोटात किंवा खांद्यात दुखणं, धाप. बायपासनंतर तर वर्षा-दोन वर्षांनीही आतडं अडकून पोटात कळ येऊ शकते. रात्री दोन वाजता असं झालं तर माणूस कुठं जाईल? आपल्या उपजिल्हा रुग्णालयात. तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरांनी हे ऑपरेशन केलेला रोगी आधी पाहिलेला असेलच असं नाही. त्यात वैनगंगेला पूर असेल तर रस्ताच बंद.

म्हणून विचारा: रात्री फोन कोण उचलतो? स्विच बोर्ड की माहीतगार डॉक्टर? आमच्या इथल्या डॉक्टरांशी ते बोलतील का? एका रुग्णालयात आम्ही हा प्रश्न विचारला तर उत्तर मिळालं, "काही होत नाही हो, तिसऱ्या दिवशी घरी." दुसरीकडे त्यांनी एक छापील कार्ड दिलं. त्यावर कोणतं ऑपरेशन, कोणती लक्षणं दिसली तर वाट बघायची नाही, कोणाला फोन करायचा, हे सगळं मराठीत लिहिलेलं. दोन्हींतलं मोठं रुग्णालय पहिलं होतं. माझी विद्यार्थिनी दुसऱ्याकडे गेली.

व्यवहाराची गोष्ट सांगतो. पहिले दोन-तीन आठवडे नागपुरात नातेवाइकाकडे किंवा खोली घेऊन राहा, आणि तो खर्च आधीच धरा. तारीख पावसाळ्यातली घेऊ नका. धान निघाल्यावर, थंडीत, जायला-यायला सोयीचं असतं.

आपल्या मातीचे चार प्रश्न

शहरातलं पत्रक आपल्या भागासाठी लिहिलेलं नसतं. चार गोष्टी आपण होऊन सांगाव्या लागतात.

एक, सिकलसेल. आपल्या गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा पट्ट्यात हा आजार किती आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. शरीरात पाणी कमी झालं, ऑक्सिजन कमी झाला, थंडी बाधली की सिकलसेलच्या रोग्याचा त्रास उसळतो. आणि या ऑपरेशननंतर काही आठवडे माणूस घोट घोटच पाणी पिऊ शकतो, त्यामुळे पाणी कमी पडण्याची भीती कायमच. तपासणी झाली नसेल तर आधी करून घ्या. सरकारी दवाखान्यात होते. २०२३ पासून राष्ट्रीय मोहीमच चालू आहे. तुम्ही "एएस" आहात की "एसएस" आहात ते सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला दोघांनाही सांगा. ते ऐकून जे रुग्णालय थांबतं, रक्ताच्या डॉक्टरांना विचारतं, ते शहाणं. हात झटकून "चालतंय" म्हणणारं नव्हे.

दोन, खर्रा. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो, आणि धूम्रपान करणाऱ्यांना बायपासच्या जोडावर अल्सर होतो हे नक्की माहीत आहे. चघळायची तंबाखू म्हणजे सूट मिळाली असं समजू नका. डॉक्टर विचारतात, "सिगारेट ओढता का?" आपला माणूस प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो आणि खिशात खऱ्र्याची पुडी असते! विचारलं नाही तरी सांगा.

तीन, दारू. जिल्ह्यात १९९३ पासून बंदी आहे आणि मोहाची कुठं मिळते तेही सगळ्यांना माहीत आहे. बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर चढते आणि काही जणांना ऑपरेशननंतरच व्यसन लागतं. घरात आधीच तो प्रश्न असेल तर ऑपरेशनआधी तो सोडवा.

चार, भात. आपण भात खाणारी माणसं. ऑपरेशननंतर पोटात जागाच इवलीशी, आणि रोज निदान ६० ग्रॅम प्रथिनं तर गेली पाहिजेत. एका अंड्यातून ६ ग्रॅमच्या आसपास मिळतात, शंभर ग्रॅम शिजलेल्या भातातून ३ सुद्धा नाही. म्हणजे ताटाचा क्रम उलटा करायचा. आधी अंडी, मासोळी, कोंबडी, मूग, चणे, पनीर, आणि जागा उरली तर दोन घास भात. जेवताना पाणी प्यायचं नाही. बायपास झाला असेल तर गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, चक्कर असा त्रास होतो. आहारतज्ज्ञानं तुम्हाला "ओट्स आणि ब्रोकोली" असा छापील तक्ता दिला तर परत द्या आणि म्हणा, "मॅडम, आरमोरीच्या बाजारात जे मिळतं त्यातून सांगा." सांगता आलं तर तो प्रोग्रॅम तुमच्यासाठी आहे.

यासोबत बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या कायमच्या आणि रक्ताची तपासणीही कायमची. पहिल्या वर्षी तीन-चार वेळा, मग दर वर्षी. वारंवार उलट्या होऊ लागल्या तर बी-१ कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते, ते अंगावर काढायचं नाही. या सगळ्याचा वर्षाचा खर्च लिहून मागा. ऑपरेशनचं पॅकेज सगळेच सांगतात. पाच वर्षांचा हिशेब सांगणारे थोडे.

सही कोणाची?

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्याचा निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका सज्ञान स्त्रीचं गर्भाशय, तिच्या आईची संमती घेऊन काढून टाकलं होतं. न्यायालय म्हणालं, ही संमती चालणार नाही. रोगी सज्ञान आहे, शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आलं असतं. आणि संमती म्हणजे नुसती सही नाही. उपचार काय, धोके काय, पर्याय काय, न केल्यास काय होईल, हे समजून दिलेला होकार म्हणजे संमती.

आपल्या घरात हे फार लागू पडतं. ऑपरेशन बाईचं, बोलणी नवऱ्याची, पैसे भावाचे, सही कोणाचीही! संमतिपत्र मराठीत मागा. एक दिवस आधी घरी न्या. वाचा. ऐनवेळी ऑपरेशन थिएटरच्या दारात पुढं केलेला कागद हा निवड नसते. सगळ्या तयारीनंतरही "नको" म्हणता येतं का, हे स्वतःला विचारा. जिथं नकाराला जागा नाही तिथं होकाराला अर्थ नाही.

शेवटचा कागद ऑपरेशनच्या टिपणाचा. मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, पण ती सांभाळायचं बंधन तीनच वर्षांचं. तुमचं पोट मात्र जन्मभर वेगळं राहणार. दहा वर्षांनी चंद्रपूरच्या डॉक्टरला तुमच्या पोटात काय केलंय ते कळायचं असेल तर ती फाइल तुमच्याच ट्रंकेत हवी.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: मोठमोठे पुढारी हे ऑपरेशन करून घेतात. मग आपण एवढं का घाबरायचं?

उत्तर: घाबरायचं नाहीच. आपल्या नागपूरच्या गडकरींनी २०११ मध्ये करून घेतलं, हे जाहीर आहे. पण पुढाऱ्याच्या मागं डॉक्टर फिरतात, आपल्याला डॉक्टरामागं फिरावं लागतं. ऑपरेशन दोघांचं सारखं असतं, फॉलोअप सारखा नसतो. म्हणून आपण तोच जास्त तपासायचा.

प्रश्न: माझ्या मुलीचं वय २४. वजनामुळे लग्न जमत नाही. लग्नाआधी करून टाकावं म्हणतो.

उत्तर: दादा, तुमची काळजी मला कळते. पण मुलगी काय म्हणते? तुमच्या वाक्यात ती कुठं दिसली नाही. तिला आजार असेल, तिचं माप आपण बोललो तसं तिनं लिहिलं असेल, डॉक्टरांच्या आकड्यात ती बसत असेल, तर विचार करा. एक गोष्ट लक्षात ठेवा: ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ देऊ नयेत असं सांगतात. आपल्याकडे लग्नानंतर सहा महिन्यांत सासू विचारायला लागते. ते सगळं त्या पोरीच्या अंगावर येणार. आणि लग्नाच्या बाजाराला साध्य म्हणू नका. तो बाजार उद्या दुसरं काही मागेल.

प्रश्न: सरकारी रुग्णालयात करावं की खासगीत?

उत्तर: पाटी बघू नका, प्रश्न तेच विचारा. मिहानमधल्या एम्सच्या ओपीडीत आधी चौकशी करा. होतं का, किती होतात, किती थांबावं लागतं. कागद काढायला खर्च फार नाही, एक दिवस जातो. केंद्र सरकारचे कर्मचारी-पेन्शनर असाल तर सीजीएचएसची पूर्वपरवानगी आधी घ्या. आणि कुठंही जा, एका जागी ऐकून निर्णय करू नका. दुसरं मत घ्या. पहिला डॉक्टर दुसऱ्या मताचं नाव काढल्यावर रागावला, तर निवड सोपी झाली असं समजा.

वेळ संपली. मागच्या बाकावर एक कागद ठेवला आहे, त्यावर हे प्रश्न मोठ्या अक्षरात लिहिले आहेत. ज्याला हवा त्यानं झेरॉक्स करून न्यावा. तुम्हाला नको असेल तर शेजाऱ्याला द्या.